पुजलेली काडी

आधीच सांगून टाकते, मी भित्री बाई आहे. पाल दिसली की खुर्चीवर चढते, घाटातल्या बसमध्ये डोळे मिटून बसते. सव्वीस वर्षं बालाघाटात कंप्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं, आता बंद करून घरी बसले, तरी एखाद्या मशीनचं बटण दाबायचं म्हटलं की अजूनही आधी दोनदा हात मागं घेते. दिवाळी अंकवाले म्हणाले, ताई, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसले की मला आठवतं ते भेव. आमच्याकडे भीतीला भेव म्हणतात, आणि मला तोच शब्द जास्त खरा वाटतो.

बटण दाबल्यापासून पडद्यावर काही उमटेपर्यंतचा जो वेळ असतो ना, तो फार वाईट. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे पाहत असतं आणि मी काळ्या पडद्याकडे. "ताई, सगळं त्याच्यातच आहे," एवढं एक वाक्य प्रत्येक जण म्हणतो. सगळं म्हणजे काय, हे विचारायची माझी हिंमत होत नसे. एकदा कळलं की हात कापतो.

आता काडी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कंप्युटर चालू होताना आपल्या पोटातल्या डिस्कवरून सगळी व्यवस्था उचलतो. ती व्यवस्था बिघडली किंवा डिस्कच आजारी पडली, की मशीन तिथंच अडून बसतं. अशा वेळी आम्ही बाहेरून दुसरी व्यवस्था लावतो, पेन ड्राईव्हवर ठेवलेली. आमच्याकडे लोक पेन ड्राईव्हला सरळ काडीच म्हणायचे. माझ्या काडीवर लिनक्स होतं. लिनक्स ही फुकट आणि उघडी व्यवस्था. कुणीही घरी न्यावी, हवं ते ठेवावं, नको ते काढून टाकावं. काडी खोचली की बंद पडलेलं मशीन तिच्या जोरावर उभं राहतं. मग आतल्या डिस्कमधलं जे काही वाचण्यासारखं असेल ते बाहेर काढता येतं.

पण उभं राहायला किती वेळ लागतो, हाच खरा प्रश्न. शहरातल्या माणसाला तीन मिनिटं म्हणजे काहीच नाही. घाटावरच्या बैहरकडच्या गावांत लाईट गेलेली असते, मशीन यूपीएसवर चालतं, आणि त्या यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली असते. माझी पहिली काडी उभी व्हायला पावणेतीन मिनिटं घ्यायची आणि यूपीएस अडीच मिनिटांत मान टाकायचा. असं दोन-तीनदा तोंडावर पडले, तेव्हा ठरवलं की ही काडी कातरायची. शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजीतलं वाचलं, समजलं तेवढं केलं, न समजलेलं मोडलं आणि पुन्हा मांडलं. आवाजाचा भाग काढला, छपाईचा काढला, सुरुवातीचं सुंदर चित्र काढलं, नेटची वाट पाहत बसणं बंद केलं. उरलं ते एका गठ्ठ्यात दाबून बांधलं, म्हणजे मशीनच्या मेमरीत एकदम चढेल. आणि एक नियम घातला: आतल्या डिस्कला आपणहून हात लावायचा नाही, लावलाच तर फक्त वाचायचं, त्यावर अक्षरसुद्धा लिहायचं नाही. दीड वर्ष असं कातरत कातरत मी अठरा सेकंदांवर आले. अठरा! आमचे हे म्हणाले, "तेवढ्यात तर तुझी चहाची साखरसुद्धा विरघळत नाही." थट्टा होती, पण चार लोकांना त्यांनी अभिमानानं सांगितलं, मला माहीत आहे.

अशी काडी बनवताना एक मोठा धोका असतो. कुठल्या ड्राईव्हवर लिहायचं ते कंप्युटर विचारतो आणि आपण सांगितलेल्या ड्राईव्हवरचं सगळं मुकाट्यानं पुसून टाकतो. लालबर्राच्या एका फोटोग्राफरची काडी माझ्या टेबलावर होती, अगदी माझ्या काडीसारखी. मी त्याच्या काडीवर लिनक्स चढवलं आणि अख्खं लग्न पुसलं. त्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड आधीच रिकामं करून टाकलं होतं. मी दोन दिवस जेवले नाही. शेवटी त्या मंडळींनी सासरी गेलेल्या नवरीला परत बोलावलं, अंगणात पुन्हा मांडव टाकला आणि पुन्हा हार घातले. नवरदेव म्हणाला, "ताई, तुमच्यामुळं दोनदा लगन झालं, आता सुटका नाही." सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. फोटोत नवरीची आजी नव्हती. ती मधल्या दिवसांत पडून अंथरुणाला खिळली होती.

तेव्हापासून मी माझ्या काडीला लाल नाडा बांधला.

आता ज्या दसऱ्यासाठी हे लिहायला बसले, त्याच्याकडे येते.

सकाळी आठला फोन आला. बैहरला एका संस्थेचा छोटा दवाखाना आहे; तिथल्या कंप्युटरची देखभाल माझ्याकडे होती. डॉक्टर दक्षिणेकडचे, मराठी समजतं पण बोलतात हिंदीच. एरवी शांत माणूस. त्या दिवशी आवाज वेगळा होता.

"दीदी, मशीन चालू नहीं हो रहा. आज ही खोलना है. एक बच्ची का कार्ड उसके अंदर है."

"डॉक्टर साहेब, आज दसरा आहे. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं..."

"दीदी, कल तक बच्ची नहीं रुकेगी."

फोन ठेवला आणि तशीच आत गेले.

काडी देवघरात होती. आदल्या दिवशी खंडेनवमी झाली. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारं पुजतात. ह्यांचा विळा, कुऱ्हाड, माझा स्क्रू फिरवायचा पेचकस, पक्कड, मल्टिमीटर आणि काडी, सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. मी हे दर वर्षी मनापासून करते. ज्यावर पोट चालतं, त्याला एक दिवस हात जोडले तर काय बिघडलं? आणि पुजलेलं हत्यार शिलंगणापर्यंत वापरायचं नाही, ही आमच्या घरची रीत.

मी काडी उचलली, तेव्हा आमचे हे दारात उभे होते. "अवं, संध्याकाळपर्यंत हात नाही लावत तिले."

"मग त्या पोरीले सांगू का संध्याकाळपर्यंत थांब म्हणून?"

ते बाजूला झाले. मी वरचं फूल काढलं, काडी पदराला पुसली आणि पिशवीत टाकली. न कातरता ठेवलेली जुनी, पावणेतीन मिनिटांची काडीही सोबत घेतली. जीप मिळाली. घाटात त्या दिवशी मी डोळे मिटले नाहीत. सगळी वळणं उघड्या डोळ्यांनी पाहिली आणि एकही आठवत नाही. वाटेत उकव्याला जीप थांबली तेव्हा ड्रायव्हर चहा घ्यायला उतरला, तर मी त्याच्यावर अशी ओरडले की बिचारा कप तसाच ठेवून आला.

बैहरला पोचले तर अख्ख्या गावाची लाईट गेलेली. पहाटेच्या वाऱ्यात तारेवर झाड पडलं होतं. दवाखान्याचं जनरेटर दुरुस्तीला गेलेलं. इन्व्हर्टर होता, पण त्यावर पायलचं ऑक्सिजनचं यंत्र चालू होतं. त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता.

पायल म्हणजे तीच मुलगी. अकरा वर्षांची. मी दारातून पाहिली. ओठ पांढरे, डोळे पिवळसर, छाती भराभर वरखाली होत होती. आई उशाशी बसून तिच्या केसांतून हात फिरवत होती. मी लगेच मागं फिरले. कुणासाठी काम करतोय ते मला पाहायचं नव्हतं.

मेश्राम सिस्टर तिथल्या जुन्या नर्स. त्यांनी मला दोन मिनिटांत सगळं समजावलं, आणि तेच मी तुम्हाला सांगते. सिकलसेल आमच्या भागात किती लेकरांना आहे, ते इथल्या माणसाला सांगायला नको. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि तुटतात, म्हणून अशा लेकराला मधून मधून रक्त चढवावं लागतं. सारखं परकं रक्त घेता घेता एखाद्याचं शरीर त्यातल्या एखाद्या बारीक खुणेवर चिडतं. ए, बी, ओ आपल्याला माहीत असतं. त्याच्या आत अशा आणखी कितीतरी खुणा असतात. पायलला दोन वर्षांपूर्वी रक्त चढवल्यावर आठवड्याभरात ताप आला, कावीळ झाली, लघवी काळ्या चहासारखी झाली. कशीबशी वाचली. तेव्हा नागपूरला तपासणी होऊन त्या खुणेचं नाव एका कार्डावर लिहून दिलं होतं: हे असलेलं रक्त हिला कधीही देऊ नका.

"मग आता पुन्हा तपासा ना," मी म्हटलं.

"त्यातच तर मेख आहे, ताई. काही महिन्यांनी ते चिडणं तपासणीत दिसत नाही. रक्त गप्प बसते. सारं बरोबर येते, बाटली चढते, अन् मग शरीराले जुनं वैर आठवते. ह्या वेळी तिच्यात तेवढा दम नाही."

अँब्युलन्स दुसऱ्या गावाहून यायची होती. ती आली की पायलला बालाघाटला नेणार. रक्त दिल्याशिवाय ती जगत नव्हती, आणि चुकीचं दिलं तर जगत नव्हती. त्या खुणेचं नाव दवाखान्यानं कार्ड स्कॅन करून कंप्युटरात ठेवलं होतं. डॉक्टरांना एवढंच आठवत होतं की रिअ‍ॅक्शन आली होती. नाव आठवत नव्हतं, आणि अंदाजानं सांगायला ते तयार नव्हते. नागपूरला सुटी होती, फोन कुणी उचलत नव्हतं.

"आणि खरं कार्ड? ते कुठाय?"

कोपऱ्यात भिंतीला टेकून एक माणूस उभा होता, त्याच्याकडे सिस्टरनं पाहिलं. पायलचा बाप, देवराम. उकव्याला खाणीत कामाला. हातात एक पिशवी. त्यानं पिशवीतून एक वस्तू काढून माझ्या पुढ्यात धरली. मला आधी कळलंच नाही काय आहे ते. मातीचा चपटा गोळा, आणि त्यातून गव्हाची पांढरी मुळं आरपार गेलेली.

"हे कार्ड हाय, बाई."

"हे?"

"घटाखाली ठेवलतं. म्हनलं, नऊ दिवस देवीच्या पायाशी राहीन, तं पोरगी तिच्या नजरेत राहीन."

घटस्थापनेला माती पसरून त्यात गहू पेरतात आणि रोज पाणी घालतात. त्या मातीखाली नऊ दिवस कार्ड!

"प्लास्टिकमध्ये नव्हतं का?"

"होतं. काढून ठेवलं. प्लास्टिकातून देवीले कसं दिसन?"

मी भडकले. भेव वाटलं की मला राग येतो, हा माझा जुना दोष. "कसे माणूस हो तुम्ही! लेकराचा जीव ज्या कागदात, तो कोनी चिखलात घालते? काहून घातला? देवीले वाचता येते का इंग्रजी?" आणखीही बरंच बोलले. ते मातीचं कार्ड त्यानं दोन्ही हातांत धरलं होतं. त्याची बायको आतून ऐकत असणार, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मशीनकडे वळले. सिस्टरनं सकाळपासून दोनदा चालू करून पाहिलं होतं. दोन्ही वेळा पडदा निळा होऊन बंद पडलं. म्हणजे यूपीएसमधलं बरंच बळ गेलेलं. आणि त्या म्हणाल्या, आतून टक्-टक् आवाज येतो. तो आवाज आमच्या धंद्यात कुणालाही ऐकायचा नसतो. डिस्कच्या आत वाचणारी सुई फिरत्या तबकडीवर जागा शोधते आणि सापडत नाही, तेव्हा असा आवाज होतो. अशी डिस्क अजून एकदा चालू होईल, दोनदा होईल किंवा कधीच होणार नाही. कुणी सांगू शकत नाही. ती काढून दुसऱ्या मशीनला लावावी, तर त्यालाही लाईट लागते. जीपमध्ये घालून घाटातून खाली न्यावी, तर धक्क्यांनी वाटेतच संपेल. म्हणजे इथंच, याच यूपीएसवर, पहिल्या झटक्यात व्हायला हवं. माझ्या अठरा सेकंदांसाठीच जणू सगळं मांडून ठेवलेलं. खोटं कशाला बोलू, त्या भेवातसुद्धा मनात क्षणभर गर्व आला.

काडी पुढच्या खाचेत खोचली. बटण दाबलं. मी मोजायला लागले. पाच. आठ. दहा. पडद्यावर माझी व्यवस्था यायला हवी होती, ती येईना. बाराला आतून आवाज आला: टक्. टक्. टक्. काडी मशीनला दिसलीच नव्हती. ते सरळ आजारी डिस्ककडे गेलं होतं. मी बटण दाबून धरलं आणि मशीन बंद केलं. माझे कान गरम झाले.

काडी काढून खिडकीशी नेली. तिच्या तोंडाच्या धातूच्या पट्ट्यांवर आतपर्यंत कुंकू बसलं होतं. तेलात कालवलेलं, ओलं, लालभडक. खंडेनवमीला मीच बोट बुडवून लावलं होतं, चांगलं तोंडापाशी, भक्तिभावानं. सकाळी पदराला पुसलं ते वरवर.

मी देवरामकडे पाहिलं नाही. पाहायची छाती झाली नाही. त्याला म्हटलेला एकेक शब्द माझ्याच तोंडावर येऊन आपटला. त्यानं लेकराचं कार्ड देवीच्या पायाशी ठेवलं, मी माझी काडी पाटावर ठेवली. फरक कुठं होता? उलट मला तर कळायला हवं होतं. धंदा माझा होता.

"सिस्टर, स्पिरिट आहे?"

सिस्टरनं स्पिरिट, कापूस आणि एक बारीक सुई आणून दिली. सुईच्या टोकाला कापसाचा धागा गुंडाळून मी एकेक पट्टी पुसायला लागले. हात इतका कापत होता की दोनदा सुई बोटातच टोचली. तेव्हा देवराम पुढं आला. "द्या, मी धरतो." त्यानं काडी दोन बोटांत धरली. बारा वर्षं खाणीत हात चालवलेला माणूस, त्याचा हात दगडासारखा स्थिर. तो काडी धरून उभा आणि मी पुसत होते. कापूस लाल, मग गुलाबी, मग पांढरा.

"मी मघाशी बोलले ते..."

"राहू द्या, बाई. आधी हे करा."

स्पिरिट उडून जाईपर्यंत थांबावं लागतं. ओली काडी खोचली तर तीही जायची. तो दारात जाऊन उन्हात काडी धरून उभा राहिला. तेवढ्यात अँब्युलन्स आली. डॉक्टर दारात येऊन म्हणाले, "दीदी, अब पाँच मिनट. उससे ज़्यादा मैं नहीं रोक सकता."

मी जुनी काडी लावावी का, असं मनात आलं. तिला कुंकू नव्हतं लावलेलं. पण तिला लागतात पावणेतीन मिनिटं, आणि यूपीएसमध्ये तेवढी नव्हती. नवीच घेतली. पुढच्या खाचेतही कुंकू गेलं असणार, म्हणून या वेळी मागच्या खाचेत लावली. सिस्टर रजिस्टरमध्ये पायलचा नंबर बोटाखाली धरून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. डॉक्टर कागद-पेन घेऊन. देवराम माझ्या मागं होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

बटण दाबलं. एक. दोन. तीन. नऊला पडद्यावर पांढरी ओळ आली. काडी दिसली! अठराला माझी साधी, करडी खिडकी उघडली. आता डिस्क. फक्त वाचायचा हुकूम दिला. टक्. मी डोळे मिटले. टक्. मग तबकडी फिरल्याची घरघर ऐकू आली आणि फोल्डर दिसलं. यूपीएस ओरडायला लागला: पीं, पीं. सिस्टरनं नंबर सांगितला, मी लिहिला, फाईल उघडायला घेतली. चित्र वरून खाली एकेक पट्टी करून उतरायला लागलं. आधी नाव. मग वय. मग रक्ताचा गट. मग थांबलं. मी त्या क्षणी काय काय नवस बोलले ते इथं लिहीत नाही. पुन्हा टक् झालं, आणि खालची ओळ आली. इंग्रजी तीन अक्षरं. डॉक्टरांनी लिहिली, मोठ्यानं वाचली. सिस्टरनं रजिस्टरमध्ये वेगळी लिहिली, वाचली. दोन्ही पडद्याशी ताडून पाहिली.

"मिल गया," डॉक्टर म्हणाले आणि धावत बाहेर गेले. अँब्युलन्सचं दार लागल्याचा आवाज आला. देवराम माझ्या पाया पडायला वाकला, तर मी त्याच्यावर ओरडले, "जा ना बापा, गाडी सुटन!" तो गेला.

तिथं मी हात आवरायला हवा होता.

यूपीएस अजून ओरडत होता, म्हणजे अजून थोडं बळ होतं. डिस्क अजून फिरत होती. समोर फोल्डर उघडं, आणि त्यात बैहरच्या आसपासच्या सगळ्या सिकलच्या लेकरांची कार्डं. मला हाव सुटली. चांगल्या कामाचीच हाव, पण हाव ती हाव. ती डिस्क त्या क्षणी शांतपणे बंद केली असती, तर मोठ्या शहरात अशा डिस्क उघडून आतलं काढणारे लोक असतात, त्यांच्याकडे पाठवता आली असती. हे मला माहीत होतं. गिऱ्हाइकांना मी हेच सांगायची: आजारी डिस्कला पळवू नका. आणि मीच सगळी कार्डं एकदम काडीवर घ्यायचा हुकूम दिला. काही आली, पायलचं त्यांत होतं. मग टक्-टक् सुरू झालं, मग एक लांब खरखर झाली, आणि मग आवाजच बंद. ती डिस्क पुढं कुणालाच उघडली नाही. सुईनं तबकडी खरवडून टाकली होती.

पायलला त्या दिवशी दुपारनंतर जुळणारं रक्त मिळालं. ती वाचली. सगळे मला शाबासकी देतात, ती मी घेते, नाही म्हणत नाही. पण जी कार्डं आली नाहीत त्यांचं काय, हे फक्त सिस्टरला आणि मला माहीत. सिस्टर पुढं गावोगाव फिरल्या, आईबापांकडचे कागद गोळा केले, नव्यानं तपासण्या करवल्या. बहुतेकांचं मिळालं. काहींचं नाही मिळालं, आणि त्यांच्यात कुणाचं रक्त गप्प बसलेलं असेल, तर ते कोणत्याच तपासणीत दिसणार नाही. बैहरहून कुणाचाही फोन आला की अजून मी आधी खुर्चीवर बसते, मग उचलते. आता त्या दवाखान्यात कार्डं तीन जागी ठेवतात. हे शहाणपण आम्ही कुणाच्या जिवावर शिकलो, ते अजून कळायचं आहे.

गेल्या हिवाळ्यात देवराम आणि पायल घरी आले. पोरगी उंच झालेली, गालांवर थोडं मांस आलेलं, शाळेच्या स्वेटरमध्ये. मी चहा ठेवायला उठले, तर देवराम म्हणाला, "आधी हे पाहा, बाई." त्यानं तिची डावी बाही वर सरकवली.

मनगटाच्या आतल्या बाजूला हिरवं गोंदण होतं. बैहरच्या बाजारात म्हाताऱ्या बाया गोंदायला बसतात. त्यांच्यापैकी कुणाकडून तरी करवलेलं. इंग्रजी अक्षरं. तीन.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "सिकलच्या लेकराले सुई? डॉक्टरांनी बोलणी नाही दिली?"

"लय देल्ली," देवराम म्हणाला. "पन कागद भिजते, मशीन मरते. हे नाही मरत."

"गोंदनाऱ्या बाईले वाचता येते का?"

"नाही येत," पायल म्हणाली. "तिनं इचारलं, फूल काढू का मोर? मी म्हनलं, हे काढ. कागद पाहून काढलं."

वाचता न येणाऱ्या बाईनं कागद पाहून काढलेली अक्षरं! मी चष्मा शोधला. तो डोक्यावरच होता. तिचं मनगट हातात घेतलं आणि उजेडात नेलं. माझी काडीवरची प्रत उघडून तिच्याशी ताडून पाहिलं. पहिलं अक्षर. दुसरं. तिसरं, बारीक, वरच्या बाजूला. बरोबर होतं. पुन्हा पाहिलं. बरोबर होतं. तिची नाडी माझ्या अंगठ्याखाली उडत होती, आणि मी मनगट सोडायला तयार नव्हते.

"मावशी, काहून भेता तुम्ही?" ती हसली. "हे मिटलं तरी मले पाठ हाय." आणि पाढा म्हणावा तशी तिनं ती तीन अक्षरं म्हटली.

"पुन्हा म्हण," मी म्हटलं.

तिनं पुन्हा म्हटली.

"अजून एकदा."